प्लग काळा निघाला म्हणून लगेच इंजिन खोलू नका

सध्या आपल्या साताऱ्याकडच्या ग्रुपांवर एक फोटो फिरतोय, इंजिनात ठिणगी पाडणारे चार स्पार्क प्लग शेजारी शेजारी आणि खाली लिहिलंय की काळा म्हणजे रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) गेल्या, बोरकिट (नवा सिलिंडर-पिस्टनचा संच) टाका, पांढरा म्हणजे इंजिनात ऑइल नाही, तपकिरी म्हणजे गाडी ओके, आणि प्लग पॉलिश पेपरने घासला की नव्यासारखा. हे वाचून माणसं गॅरेजला जाऊन स्वतःच सांगतात इंजिन खोला म्हणून, आणि नाहक हजारो रुपये जातात, ते बघवत नाही.

काळा प्लग दोन प्रकारचा असतो, फोटोत नेमकं तेच नाही. बोटाला कोरडी काजळी लागली तर पेट्रोल जास्त जातंय, म्हणजे एअर फिल्टर चोंदलाय, चोक ओढलेला राहिलाय, कार्ब्युरेटरची सेटिंग बिघडलीय, नाहीतर ठिणगीच कमजोर आहे. गाडी नुसती पोवई नाका ते राजवाडा फिरत असेल तरी काजळी धरते, कारण प्लगचं टोक साधारण 450-500 डिग्रीच्या वर तापलं तरच कार्बन जळून जातो आणि एवढ्याशा अंतरात ते तापतच नाही, यात रिंगांचा काय संबंध सांगा.

काळं आणि ओलं, चिकट असेल तर मात्र ऑइल वर येतंय. पण तिथेही रिंगाच कशावरून? व्हॉल्व सील (व्हॉल्वच्या दांडीशी ऑइल अडवणारं रबर) पण असू शकतं, आणि ते काम बोरकिटपेक्षा बरंच स्वस्तात होतं. यवतेश्वरचा घाट गाडी गियरमध्ये ठेवून, रेस सोडून उतरा, खाली आल्यावर रेस देताच निळा धूर भसकन आला तर संशय सीलवर, आणि घाट चढताना लोडवर सतत येत असेल तर रिंगांवर. नंतर कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावायला सांगा. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत मोजायचं, आता चांगला वाढला तर रिंगा किंवा बोर, जागचा हलला नाही तर व्हॉल्व नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट (सिलिंडर आणि हेडच्या मधलं पॅकिंग) गेलंय. एवढं झाल्याशिवाय इंजिनला पाना लावूच देऊ नका.

पांढऱ्याचं म्हणाल तर ऑइल डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) बघतात, प्लगवर नाही. पांढरा म्हणजे बहुतेक वेळा हवा जास्त, पेट्रोल कमी, इनटेकचं रबर चिरलंय का बघा, कार्ब्युरेटरचं जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) साफ करा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत इथेनॉलचं पेट्रोल पडलं तरी रंग उतरतो. नवीन इंजेक्शनवाल्या गाड्यांचे प्लग तर चांगले असूनही फिकटच दिसतात. टोकावर फोड आलेत किंवा इलेक्ट्रोड वितळलाय असं दिसलं तर मात्र गाडी तिथंच थांबवा, इंजिन खरंच जास्त तापतंय.

तपकिरी असला म्हणजे सगळं ओके असंही नाही, प्लगच्या दोन टोकांमधला गॅप वाढलेला असू शकतो. आणि दारात पाच मिनिटं आयडलिंगला ठेवून प्लग काढला तर चांगल्या गाडीचाही काळपट निघेल. लोडवर पळवून, क्लच दाबून तिथंच बंद करा, इंजिन निवलं की मग काढा.

पॉलिश पेपर तर अजिबात नको, त्याचे कण प्लगच्या चिनीमातीत अडकतात, आणि इरिडियमच्या प्लगचं टोक इतकं बारीक असतं की घासून ते वायाच जातं. बदलायचाच असेल तर नंबर गाडीच्या बुकातला बघूनच घ्या, कारण एनजीके कंपनीच्या नंबरात आकडा वाढला की प्लग थंड होतो, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकतो, आणि बॉश कंपनीत बरोबर उलटं, दुकानदार "चालतंय हो" म्हणाला तरी ऐकू नका.