‘समाजशास्त्राला कसलं नियोजन?’ या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की नाशिकच्या कॉलेजांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच. बी.ए.ला समाजशास्त्र घ्या, त्याला नियोजन लागत नाही. पेपर कुठल्याही क्रमाने वाचले तरी चालतात. संशोधन पद्धतीचा पेपर पाठ करून काढायचा. मायनर म्हणजे दुय्यम विषय आणि ओपन इलेक्टिव्ह म्हणजे ऐच्छिक विषय, ज्यात मार्क पडतात ते घ्यायचे. फील्ड प्रोजेक्ट तयार मिळतो. खरा वेळ स्पर्धा परीक्षेला द्यायचा. पदवीच्या ऐच्छिक चौथ्या वर्षाचा विचारही करायचा नाही. क्रेडिटचं काय ते कॉलेज बघून घेतं.

मी हा विषय शिकवते. या मेसेजवर विसंबून आलेली मुलं तिसऱ्या वर्षी कशी अडकतात ते जवळून बघते, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते आहे. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. सातपूर-अंबडला शिफ्ट करून किंवा पेठ-त्र्यंबकहून एसटीने ये-जा करून शिकणाऱ्यांना वेळ खरंच कमी असतो. त्यांनी कमी वेळात डिग्री कशी पदरात पडेल असं विचारणं साहजिक आहे. मेसेजमधलं उत्तर मात्र त्यांचं नुकसान करणारं आहे.

पेपरांच्या क्रमापासून सुरुवात करू. पहिल्या वर्षाला विवाह, कुटुंब, नातेसंबंध हा भाग असतो. घरातलंच तर आहे, असं म्हणून मुलं तो सोडून देतात. त्यात अंतर्विवाह ही संकल्पना येते, म्हणजे आपल्याच गटात लग्न करण्याचा नियम. पुढे भारतीय समाजाचा पेपर येतो आणि तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधाशी गाठ पडते. जात उभी आहे ती अंतर्विवाहावर, आणि तो टिकवण्यासाठीच सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या चाली आल्या, ही त्यांची मांडणी. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये जातीची सहा लक्षणं सांगितली. त्यांत विवाहावरचे निर्बंध आहेत, तसेच धार्मिक आणि नागरी हक्कांवरचे निर्बंधही आहेत.

हे दोघं शेजारी ठेवून वाचले की नाशिकच्या मुलाला आपल्याच शहराचा प्रश्न पडतो. १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह मंदिर-प्रवेशाच्या हक्कासाठी होता. तो दरवाजा पुढे उघडला. पण आजही याच शहरातल्या मंगल कार्यालयांत वधू-वर मेळावे जातीनिहाय भरतात. मग एक निर्बंध कायद्याने ढिला होतो आणि दुसरा लोक आपणहून पाळत राहतात, असं का? यावर तिसऱ्या वर्षात उत्तम निबंध होऊ शकतो. पण पहिल्या वर्षी अंतर्विवाह सोडून दिलेल्या मुलाला हा प्रश्नच सुचत नाही. तो घुर्येंची सहा लक्षणं पाठ करतो आणि पेपरनंतर विसरतो. म्हणून अभ्यासक्रमाची पीडीएफ प्रवेश घेतल्याच्या आठवड्यातच उतरवून घ्या, सगळ्या वर्षांची. कोणती संकल्पना पुढे कुठे परत येते त्यावर पेन्सिलने खुणा करा. एक रविवार पुरतो.

आता संशोधन पद्धती. हा पेपर पाठ करून काढता येतो का? पास होण्यापुरता येतो, हे मान्य. पण सगळ्या पदवीत हातात राहणारं, बाहेर विकलं जाणारं कसब जर कुठे मिळत असेल तर ते या एकाच पेपरात, आणि मेसेज नेमका तोच वाऱ्यावर सोडायला सांगतो.

दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागेत आमच्या दोन विद्यार्थिनी प्रश्नावली घेऊन गेल्या होत्या. छाटणी चालू होती. पाचवा प्रश्न होता, ‘तुमचे मासिक उत्पन्न किती?’ समोरची बाई कात्री थांबवून म्हणाली, ‘एकरावर घेतलंय बाई. टोळीत बारा जणं. किती पडलं ते मुकादमाला विचारा.’ मुलींनी त्या चौकटीत ‘माहीत नाही’ लिहिलं आणि पुढे गेल्या. संध्याकाळी कागद बघितले तेव्हा जवळजवळ सगळ्यांचं उत्पन्न ‘माहीत नाही’. माहीत सगळ्यांना होतं, प्रश्न चुकला होता. छाटणी, पेस्टिंग, विरळणी ही कामं टोळी एकरी ठेक्याने घेते, त्यात महिना हा हिशेबच नसतो. मग आम्ही प्रश्न फोडला: टोळीत किती माणसं, एकरी ठेका किती, एक एकर किती दिवसांत उरकतं, उचल घेतली का, ती कशी फिटते, बागेवर राहण्याचे दिवस किती. मुली पुन्हा गेल्या आणि त्याच बाईंनी सगळा हिशेब तोंडी सांगितला. प्रश्नावलीची पूर्वचाचणी का घ्यायची, हे गाईडमध्ये दोन ओळींत असतं. ते कळतं असं.

सांख्यिकीचंही तेच. दहा घरांच्या वस्तीत नऊ घरांकडे दोन-दोन एकर जमीन आणि एका घराकडे ४० एकर असेल, तर सरासरी निघते ५.८ एकर. अहवालात ‘सरासरी जमीन सहा एकरांच्या आसपास’ असं लिहिलं की वस्ती सुखवस्तू वाटते. मध्यक, म्हणजे घरं जमिनीच्या चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढला तर तो दोन एकर. ज्याला हा फरक दिसत नाही तो उद्या संस्थेत लागो, पंचायत समितीत लागो की वर्तमानपत्रात, चुकीची माहिती पुढे ढकलत राहणार. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेमचा १८९७ चा आत्महत्येवरचा अभ्यास सरकारी आकड्यांवरच उभा आहे, आणि ते आकडे मुळात नोंदवले कसे गेले हा प्रश्न त्यावर आजही विचारला जातो. शेतकरी आत्महत्यांची नोंद ज्या राज्यात राजकीय वादाचा विषय आहे, तिथल्या मुलांनी हे वरवर वाचून सोडावं, हे मला पटत नाही.

मायनर आणि ओपन इलेक्टिव्हबद्दल फार लिहीत नाही. मार्क पडणारा विषय घेण्यात गैर काही नाही, पण मेजरशी, म्हणजे मुख्य विषयाशी, त्याची सांगड बसली तर एकच वाचन दोनदा उपयोगी पडतं. लासलगावच्या कांदा बाजारात रस असेल तर अर्थशास्त्र, स्थलांतरात असेल तर भूगोल, ग्रामपंचायत आणि निवडणुकांत असेल तर राज्यशास्त्र. ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचं घ्यायचं असतं. कला शाखेच्या मुलाने विज्ञान किंवा वाणिज्यकडची प्राथमिक सांख्यिकी किंवा संगणकावरच्या तक्त्यांचा कोर्स मिळत असेल तर डोळे झाकून घ्यावा.

फील्ड प्रोजेक्ट तयार मिळतो, हे दुर्दैवाने खरं आहे. झेरॉक्सच्या दुकानात मिळतो, मुखपृष्ठावर नाव बदलून मिळतो. पण तो घेणाऱ्याचं नुकसान काय होतं ते मेसेज सांगत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास धरलेले आहेत आणि प्रत्यक्ष कामाच्या एका क्रेडिटला ३० तास. म्हणजे चार क्रेडिटचं ओजेटी, अर्थात प्रत्यक्ष कामाच्या जागेवरचं प्रशिक्षण, १२० तासांचं. हे तास आपल्याला पदवीच्या आत, फीच्या आत मिळालेले आहेत. एखाद्या संस्थेत, दवाखान्याच्या समाजसेवा विभागात किंवा पंचायत समितीत तुम्ही एवढे तास बसलात तर तिथली माणसं तुम्हाला नावानिशी ओळखू लागतात. पहिली नोकरी पुष्कळदा अशाच ओळखीतून मिळते.

आणि खरं नियोजन लागतं ते इथेच, कारण समाज आपल्या सेमिस्टरच्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नाही. सुरगाणा-पेठच्या गावांत पावसाळ्यात भात-नागलीची लावणी असते, माणसं घरी असतात. दिवाळीनंतर पुष्कळ घरं कामासाठी बाहेर पडतात. जानेवारीत तिथे कुटुंब सर्वेक्षण करायला गेलात तर ओट्यावर म्हातारी माणसं आणि पोरं भेटतील, आणि अहवालात ‘गावात तरुण नाहीत’ असं लिहून मोकळे व्हाल. तीच तरुण माणसं त्या वेळी निफाड-दिंडोरीच्या बागांत काढणीवर असतात. द्राक्षाची खरड छाटणी साधारण एप्रिलमध्ये आणि गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. उन्हाळ कांदा बाजारात येतो तेव्हा तुमची परीक्षा. मग करायचं काय? प्रोजेक्ट कोणत्या सेमिस्टरला आहे ते आधी बघायचं, त्या महिन्यांत जिल्ह्यात काय चालू असतं ते बघायचं, आणि विषय त्यावरून ठरवायचा. विषय आधी ठरलेला असेल तर माहिती आदल्या सुट्टीत गोळा करायची आणि गाईड शिक्षकांना तसं आधीच सांगून ठेवायचं.

२०२७ चा सिंहस्थ ज्यांच्या पदवीच्या काळात येतो आहे त्यांना तर हे अधिकच लागू आहे. रामकुंडावरचे फुलवाले, गोदाघाटावरचे फेरीवाले, तपोवनात साधुग्रामाच्या जागेलगत शेती करणारी कुटुंबं यांच्यावर कुंभमेळ्याने काय परिणाम केला हे सांगायचं असेल तर मेळ्याआधीची नोंद हातात हवी. मेळा उठल्यावर ‘आधी कसं होतं?’ असं विचारून मिळतं ते आठवणीतलं उत्तर. तेही उपयोगी आहे, पण तुलनेला पुरत नाही. आधीची नोंद करायला फारसं लागत नाही: एक वही, वीस-पंचवीस मुलाखती, आणि प्रत्येक नोंदीवर तारीख.

स्पर्धा परीक्षेच्या मुद्द्यावर पालक जास्त अडतात, म्हणून तो स्पष्ट सांगते. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत लेखी १,७५० गुणांपैकी ५०० वैकल्पिक विषयाचे असतात, २५०-२५० चे दोन पेपर. समाजशास्त्राच्या पहिल्या पेपरात मार्क्स, दुर्खेम, वेबर, पार्सन्स, मर्टन, मीड आहेत, आणि संशोधन पद्धतीही आहे. दुसऱ्या पेपरात घुर्ये, श्रीनिवास, अ. र. देसाई आहेत. म्हणजे कॉलेजात हा विषय पंधरा दिवसांत गुंडाळायचा आणि नंतर क्लासची फी भरून तोच पहिल्यापासून शिकायचा, असा हा सल्ला आहे. ज्यांना खरंच वर्गात बसणं शक्य नाही त्यांच्यासाठी मुक्त विद्यापीठाचा सरळ मार्ग आहे. त्याचं मुख्यालयच आपल्या गावात, गंगापूर धरणाच्या वाटेवर आहे. नियमित कॉलेजात नाव घालून गैरहजर राहण्यापेक्षा तो प्रामाणिक आहे.

चौथं वर्ष सगळ्यांसाठी आहे, असं मीही म्हणणार नाही. घरी पैशांची ओढ असेल तर तीन वर्षांत पदवी घेऊन कामाला लागणं शहाणपणाचं आहे. पण हा निर्णय पाचव्या सेमिस्टरला घेऊन चालत नाही. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरांत मिळून ७५ टक्के लागतात, आणि या सहांत पहिलं वर्षही धरलेलं आहे. ‘फर्स्ट इयरचे मार्क कोण बघतं’ असं ऐकून ज्यांनी ते वर्ष घालवलं त्यांना हा रस्ता पुढे फार चढणीचा होतो. दुसरीकडे, चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पूर्ण केली तर थेट नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देता येते आणि पीएच.डी.लाही अर्ज करता येतो, शिवाय एम.ए. एका वर्षात होऊ शकतं. ज्या मुलीला घरून ‘अजून किती शिकणार?’ असं विचारलं जातं तिच्यासाठी वाचलेलं हे एक वर्ष लहान नसतं. तिने हा हिशेब पहिल्याच वर्षी घरी मांडून ठेवावा.

शेवटचा मुद्दा क्रेडिटचा. कॉलेज बघतं, पण चुका होतात. एका सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट, तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ ची, चार वर्षांची १६० ते १७६ ची. यात मेजर-मायनरबरोबर भाषा, पर्यावरण, एनएसएस किंवा क्रीडा, फील्ड प्रोजेक्ट अशी दोन-दोन क्रेडिटची पुष्कळ खाती आहेत, आणि बॅकलॉग राहतो तो बहुतेक याच छोट्या खात्यांत, कारण तिकडे कुणी लक्ष देत नाही. दर निकालानंतर डिजिलॉकरमधून आपलं ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं उघडून बघा. बेरीज गुणपत्रिकेशी जुळली नाही तर त्याच आठवड्यात कॉलेजच्या परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या आणि पोचीची प्रत स्वतःजवळ ठेवा.