गाडी गुजरातेत बनते, मग बडोद्याच्या शोरूममध्ये का नाही?

आज, ऑक्टोबर 2025 मध्ये, सकाळी परत शोरूमला फोन केला. दसरा झाला, म्हटलं आता तरी काही हालचाल असेल. तिथला मुलगा आता माझा आवाजच ओळखतो, "बेन, हजी कंई आव्युं नथी, आवशे एटले पहेलो फोन तमने ज करीश." म्हणजे ताई, अजून काही आलं नाही, आलं की पहिला फोन तुम्हालाच करीन. चांगला मुलगा आहे, पुढच्या महिन्यात नक्की येईल असं खोटं एकदाही बोलला नाही, त्यामुळे त्याच्यावर माझा काडीचाही राग नाही. पण मारुतीच्या ई-विटारा ह्या इलेक्ट्रिक गाडीची वाट बघायला लागून मला नऊ महिने होत आले आणि आज मनात साठलेलं सगळं लिहूनच टाकते.

2025च्या जानेवारीत, 17 तारखेला, दिल्लीच्या गाड्यांच्या एक्स्पोमध्ये ही गाडी आपल्याकडे पहिल्यांदा दाखवली. त्याआधी 4 नोव्हेंबर 2024 ला इटलीत मिलानला दाखवून झाली होती. 49 किंवा 61 युनिट वीज मावणाऱ्या बॅटरीचे दोन पर्याय, एका चार्जमध्ये 500 किलोमीटरच्या वर रेंज, आणि मुख्य म्हणजे बनणार कुठे तर आपल्या हंसलपूरला, बेचराजीजवळ. बडोद्याहून अहमदाबाद, तिथून पुढे बेचराजीचा रस्ता, चार तासांत माणूस फाटकाशी पोचेल. मला वाटलं वा, घरचीच गाडी, आपल्याकडे लवकर येणार.

मग 26 ऑगस्ट आला. पंतप्रधान हंसलपूरला आले, ह्या गाडीला हिरवा झेंडा दाखवला, आई आणि मी टीव्हीसमोर बसून बघत होतो. शंभराहून जास्त देशांत जाणार म्हणाले, अगदी जपानला पण. आईचे डोळे भरून आले, खरंच सांगते, कारण तिच्या लग्नानंतरची पहिली दहा वर्षं घरात स्कूटर यायची वाट बघण्यात गेली, नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं असा तो काळ, आणि आता आपल्याकडची गाडी जपानला चाललीये. मलाही अभिमान वाटला, तो आजही आहे. त्याच महिन्यात पिपावाव बंदरातून 2,900 च्या वर गाड्या युरोपातल्या 12 देशांत गेल्या, ब्रिटन, जर्मनी, नॉर्वे, फ्रान्स, अगदी आइसलंडसुद्धा.

आणि गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याचा इंग्लंडमधल्या लेस्टरहून फोटो आला, स्टिअरिंगवर हात ठेवलेला, "मावशी, तुझी गाडी मी चालवून आलो." 2025 मध्ये तिकडे 29,999 पाउंडांपासून किंमत होती, शोरूममध्ये जाऊन चावी मागितली की चक्कर मारून येता येतं. मी बडोद्यात बसून व्हिडिओ बघतेय. त्याला मनापासून छान म्हटलं, पण फोन ठेवल्यावर वाईट वाटलंच.

कारणं मला कळत नाहीत असं नाही. एप्रिलमध्ये चीनने रेअर अर्थ नावाच्या दुर्मिळ धातूंवर निर्बंध आणले, मोटरमधली मॅग्नेट त्यापासूनच बनतात, आणि जूनमध्ये रॉयटर्सची बातमी होती की एप्रिल ते सप्टेंबर 26,500 गाड्या बनवायच्या होत्या त्या 8,200 वर आणल्या. आता माल कमी असेल तर बाहेरच्या ऑर्डरी आधी पुऱ्या करणार, धंदा म्हटल्यावर ते समजू शकतं, आपल्या बडोद्यात धंदा कोणाला समजावून सांगायची गरज नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की शहराला एक, फक्त एक डेमो गाडी पाठवा. विकू नका, बुकिंग घेऊ नका, नुसती उभी करा. 2,900 मधून एक कमी गेली असती तर नॉर्वेत कोणाचं काही अडलं नसतं.

कारण आमच्यासारख्यांची गाडी व्हिडिओ बघून ठरत नाही हो. माझ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, वय 78. गाडीत बसताना ती आधी सीटच्या कडेला टेकते, मग दाराची वरची कड धरते, मग एक एक पाय उचलून आत घेते. सीट चार बोटं जरी उंच असली तरी तिला चढता येत नाही आणि फार खाली असली तर उठता येत नाही. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती वर, 180 मिलिमीटर हे मला पाठ झालंय, पण सीट जमिनीपासून किती उंच हे कोणीच सांगत नाही. भाच्याला म्हटलं टेप घेऊन जा आणि मोजून ये, तो बिचारा जाणार आहे पुन्हा. म्हणजे बघा, बडोद्यातल्या म्हातारीसाठी गुजरातेत बनलेल्या गाडीची सीट लेस्टरमध्ये मोजली जाणार.

आता मला एवढी घाई का, तर ऑगस्ट 2024 चा पूर. बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. विश्वामित्री नदीने 25 फुटांची धोक्याची पातळी कधीच मागे टाकली होती आणि आम्ही समा भागात राहतो, सोसायटीत कंबरभर पाणी आणि ते तीन दिवस हललं नाही. मगरी फिरत होत्या म्हणून पार्किंगमध्ये उतरायची कोणाची हिंमत नव्हती. माझी 2013ची छोटी पेट्रोल गाडी त्या पाण्यात उभी होती. मेकॅनिकने जीव ओतून चालू केली, पण वायरिंग गेलं ते गेलंच, आज इंडिकेटर बंद, उद्या पॉवर विंडो, पावसाळी दिवशी आत तो चिखलाचा वास अजून येतो. रोज सावली गावाकडे नोकरीला जाऊन-येऊन 50 किलोमीटर होतात, महिन्याला 1,250 धरा. पेट्रोल 2025 मध्ये 94 च्या आसपास, गाडी 14 देते, म्हणजे साडेआठ हजारांच्या जवळ महिन्याला जातात. ईव्हीला, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीला, एका युनिटमध्ये सहा किलोमीटर पकडले तरी दोनशे-सव्वादोनशे युनिट, सात-आठ रुपयांनी सोळा-सतराशे. सगळे म्हणतात सीएनजी घे ना बेन. घेतली असती, पण संध्याकाळी सुटल्यावर पंपावर ती लाइन, तिथे अर्धा तास उभं राहून मग घरी आईचं जेवण, औषधं, नाही जमत मला आता.

पुराचं लोक नेहमी विचारतात म्हणून लिहिते, इलेक्ट्रिक गाडी पाण्यात करंट देते का? बहुतेक ईव्हींच्या बॅटरीला आयपी67 रेटिंग असतं, एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकली पाहिजे असं टेस्ट केलेलं असतं. रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून जायला ते ठीक आहे. पण आमच्याकडे तीन दिवस पाणी होतं, अर्धा तास नाही! त्यामुळे गाडी कुठलीही घेतली तरी विश्वामित्री वाढली की ती उचलून उंचावर नेऊन ठेवायची, हे मी पक्कं ठरवलंय, आणि ज्यांना कोणी सेल्समन सांगतो की पाण्याचं टेन्शनच नाही त्यांनी ऐकू नका प्लीज.

रेंजचंही तसंच. तिकडे ब्रिटनमध्ये त्यांच्या टेस्टप्रमाणे मोठ्या बॅटरीला 426 किलोमीटर लिहितात, इकडे 500 च्या वर सांगतात, गाडी तीच. आपल्या मे महिन्यात एसी फुल ठेवून चारशेच्या आत मिळतील असं धरून चालावं. मला तेवढे पुष्कळ. पुण्याला बहिणीकडे जाताना मध्ये एकदा चार्जिंगला थांबू, आईला तसंही दर दोन तासांनी पाय मोकळे करायचे असतात.

खरी लढाई सोसायटीत झाली. सेक्रेटरी काका म्हणाले पार्किंगमध्ये आग लागेल. मी दोन महिने त्यांच्या मागे होते, दिवाळीच्या फराळाआधी संपवायचं म्हणून. त्यांना समजावलं की ह्या गाडीत लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेल आहेत, त्या लवकर तापून पेटत नाहीत, बाकीच्या केमिस्ट्रीपेक्षा ह्या बाबतीत जास्त स्थिर. मग म्हणाले कॉमन मीटरवर लोड येईल. म्हटलं काका कॉमनवर नाहीच, माझ्या फ्लॅटच्या मीटरवरून वेगळी केबल, वेगळी एमसीबी (लोड वाढला की आपोआप बंद होणारं बटण), नवीन अर्थिंग, नाहीतर जीईबीकडून, म्हणजे वीज कंपनीकडून, वेगळा मीटर घेते, खर्च माझा. पंधरा अँपिअरच्या साध्या प्लगवरून तासाला तीन युनिट जातात, रिकामी बॅटरी भरायला वीस तास लागतील हे खरं, पण रोजच्या 50 किलोमीटरला आठ-नऊ युनिट, म्हणजे तीन तास, रात्री लावलं की झालं. शेवटी गेल्या रविवारी मीटिंगमध्ये सही झाली. बाजूच्या विंगमधले दोघं जण लगेच विचारायला आले की आमचं पण होईल का. झालं म्हणजे बघा, गाडी नसताना चार्जिंग पॉइंट तयार आहे!

आता सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागलाय तो टॅक्समुळे. गुजरात सरकारने 2025 मध्ये ईव्हीवरचा वाहन टॅक्स 6 वरून 1 टक्का केला, पण तो 31 मार्च 2026 पर्यंतच ठरवला होता. ऑक्टोबर 2025 पर्यंत किंमत जाहीर झालेली नव्हती, पण समजा 18 लाखांची गाडी धरली तर पाच टक्के म्हणजे 90,000 रुपये झाले. माझ्यासारखीला ही रक्कम लहान नाही, आईच्या एका वर्षाच्या औषधांपेक्षा जास्त आहे. गाडी एप्रिलमध्ये आली तर हा फटका मी का सोसायचा? निदान तारीख सांगा, उशीर होणार असेल तर तसं सांगा, माणूस त्याप्रमाणे ठरवतो. आणि सरकारनेही मुदत वाढवावी असं मला मनापासून वाटतं, कारण घेणारे तयार आहेत, गाडीच पोचलेली नाही.

गाडी लवकर पोचू शकते, आपण बघितलंय. हलोलला एमजीची विंडसर ही इलेक्ट्रिक गाडी बनते, पावागढच्या पायथ्याशी. 11 सप्टेंबर 2024 ला जाहीर झाली, 3 ऑक्टोबरला बुकिंग, आणि 12 तारखेला दसऱ्याला लोकांनी हार घालून घरी नेल्या. महिनाभर लागला फक्त. मीही तेव्हा जाऊन बसून आले होते, मागची सीट तर सोफा आहे, पण 38 युनिटच्या बॅटरीत माझं पुण्याचं गणित बसेना. म्हणून थांबले. त्या थांबण्याचा पश्चात्ताप नाही, पण थांबायचं किती?

आणि एक कळकळीचं. ज्या गाडीची किंमतच जाहीर झाली नाही तिच्यासाठी टोकन, म्हणजे बुकिंगचे आगाऊ पैसे, देऊ नका. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने दुसऱ्याच एका गाडीसाठी एका शोरूमला, नाव घेत नाही, 25,000 दिले, साध्या कागदावर पावती, आणि ते परत मिळवायला तिला चार महिने खेटे घालावे लागले. घाई मलाही आहे, तरी एक रुपया दिलेला नाही.

परवा रात्री पार्किंगमध्ये खडूने गाडी आखली. लांबी 4275, रुंदी 1800 मिलिमीटर, टेप धरायला वॉचमन काका होते. खांबापासून डाव्या बाजूला दार उघडायला दोन फूट उरतात का ते बघायचं होतं. आईला खाली आणलं, प्लास्टिकची खुर्ची चौकटीत पुढच्या डाव्या जागी ठेवली, आणि ती जशी बसते तशी बसली, आधी टेकली, मग एक पाय, मग दुसरा. खांब हाताला येतो, धरायला बरा पडतो म्हणाली. मग तिथेच बसून राहिली थोडा वेळ, समोर भिंतीकडे बघत, आणि मला म्हणाली, "काच खाली होते ना गं ह्याची, बटणाने?"

रात्री पाऊस झाला, सकाळी खडू अर्धा पुसलेला होता. शोरूममधून फोन आला की बाकीचं लिहिते. बडोद्यात कोणाला ही गाडी कुठे उभी दिसली, टेस्टिंगची का होईना, तर फोटो नका पाठवू, आधी फोन करा, मी आईला घेऊन येते.