आम्ही न खेळता जिंकलेला चषक

कॅनडातल्या सास्कॅचवान प्रांतात हिवाळ्यात पारा उणे तीस अंशांपर्यंत उतरतो, पाण्याचे नळ गोठून फुटतात, आणि आमच्या संघाचे माजी जनरल मॅनेजर व्यवसायाने प्लंबर असल्यामुळे त्या दिवसांत त्यांना दोन घास सुखाने खायला मिळत नाहीत. उन्हाळ्यात मात्र त्यांना वेळ असतो, आणि रिकामा प्लंबर आठवणी उकरतो. २०२४ च्या जूनमध्ये त्यांचा निरोप आला की आपण अजिंक्यपद जिंकल्याला येत्या ऑगस्टमध्ये दहा वर्षे पूर्ण होत आहेत, तरी सर्व जुन्या गड्यांनी एकदा व्हिडिओ कॉलवर भेटावे, आणि आशिया खंडातील खेळाडूंना शोधून काढण्याचे काम मी करावे. आशिया खंडातला खेळाडू मी एकटाच होतो. मी स्वतःला तत्काळ शोधून काढले आणि तसे कळवले, तेव्हा उत्तर आले की, उत्तम, आता गोलरक्षकालाही शोध.

"कसलं अजिंक्यपद?" बायकोने विचारले.

"आइस हॉकीचं," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिले. लिफ्ट बंद असली तर दुसऱ्या मजल्यावर थांबून सूचना फलक वाचण्याचे निमित्त करणारा मनुष्य बर्फावरून सरकत जाऊन कोणाला तरी धडकतो आहे, हे चित्र तिने मनाशी रंगवून पाहिले असावे, कारण ती काही न बोलता कणीक मळायला निघून गेली. आमच्याकडे हॉकी म्हटले की ध्यानचंद आठवतात किंवा खडकीचे धनराज पिल्ले. म्हणजे अकरा खेळाडू, चेंडू आणि हिरवे मैदान. ज्यात गोलरक्षकासह सहाच गडी असतात, जो वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांत खेळला जातो आणि ज्यात चेंडूऐवजी रबराची तीन इंच व्यासाची चकती, म्हणजे पक, सामन्यापूर्वी गोठवून घेतात म्हणजे ती बर्फावर उसळत नाही, तो खेळ मी कधी खेळलो नाही हे तर खरेच. पण गंमत अशी की आमच्या संघातल्या कोणीच तो अजिंक्यपद जिंकताना खेळला नव्हता.

ही सिम लीग होती. प्रत्येकाने एक काल्पनिक खेळाडू जन्माला घालायचा, त्याला वेग, फटका, पकवरचा ताबा, धडक, जागा राखणे अशा सदरांत ठरावीक गुण वाटून द्यायचे, मॅनेजरने कोणाला कोणाबरोबर बर्फावर उतरवायचे ते ठरवायचे, आणि मग रात्री एक संगणकीय आज्ञावली ते सगळे गुण वाचून, वर नशिबाचे फासे टाकून, सामन्याचा निकाल बाहेर फेकायची. पुढे गुण वाढवायचे असतील तर दर आठवड्याला मेहनत करावी लागे, आणि ही मेहनत म्हणजे निबंध. खेळाडूने निबंध लिहिला की त्याचे मनगट मजबूत होई. शाळेत असताना 'माझा आवडता पक्षी' लिहून माझे काहीच मजबूत झाले नव्हते, त्यामुळे मी हरखून गेलो. फ्रँक झांबोनी यांनी १९४९ मध्ये कॅलिफोर्नियात बर्फ गुळगुळीत करणारे यंत्र कसे बनवले यावर मी पंधराशे शब्द लिहिले आणि माझ्या बचावपटूचा फटका दोन गुणांनी वाढला. बर्फ मी तोपर्यंत उसाच्या रसातच पाहिला होता.

माझ्या बचावपटूचे नाव मी आजोबांच्या आठवणीने 'नाना' ठेवले. उंची सहा फूट चार इंच, वजन शंभर किलो, समोरून येणाऱ्याला मैदानाच्या कडेच्या फळकुटावर चेपून टाकणे हे काम. संघात त्याचे जे स्वागत झाले ते मला जरा जास्तच प्रेमळ वाटले. नाना कसे आहेत, नानांनी आज कोणाला आडवे केले, नानांना स्वेटर घालून पाठवा, असे निरोप येत राहिले. तिकडे नाना म्हणजे आजी, हे मला हंगाम अर्धा संपल्यावर कळले. तोवर लीगभर बातमी झाली होती की एका भारतीयाने आपल्या आजीला बचावफळीत उभे केले आहे आणि ती कोणाचीही गय करत नाही.

निकाल टोराँटोच्या घड्याळाने रात्री आठला लागत, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला आणि हिवाळ्यात साडेसहाला. मी वर्षभर पहाटे उठत होतो. शेजारचे निवृत्त काका सोसायटीतल्या मुलांना माझे उदाहरण देत असत.

त्या वर्षी बाद फेरी सुरू झाली आणि मॅनेजरसाहेबांनी फर्मान काढले की संघ बाहेर पडेपर्यंत कोणी दाढी करायची नाही. ही प्रथा खऱ्या हॉकीतली आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क आयलँडर्स संघाने ती रूढ केली, आणि ओळीने चार वेळा स्टॅनले चषक, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक आइस हॉकीचे अजिंक्यपद, जिंकल्यामुळे पुढे तिला शास्त्राधार मिळाला. ऑफिसात काय सांगायचे या विवंचनेत मी होतो, पण आमची बाद फेरी नेमकी श्रावणात आली. आयुष्यात पहिल्यांदा मुलगा श्रावण पाळतो आहे हे पाहून आईला इतका आनंद झाला की तिने शेजारी चार घरी सांगितले. ती ज्याला व्रत समजत होती तो आयलँडर्सचा वारसा आहे, हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही, आणि महिनाभर मला घरी साबुदाण्याचे थालीपीठ मिळत राहिले.

पंचाईत झाली ती श्रावण संपल्यावर. अंतिम मालिका तीन-तीन अशी बरोबरीत आली आणि सातवा सामना पडला २९ ऑगस्टच्या पहाटे, म्हणजे ऐन गणेश चतुर्थीला. "अरे, श्रावण संपला, आता तरी ते तोंड भादरून ये, गणपतीसमोर असा बसणार आहेस का?" असे आई चार दिवस म्हणत होती, आणि मी "उद्या करतो" या एका वाक्यावर किल्ला लढवत होतो. त्या पहाटे घरात सगळे उठलेले, कोणी मखराला टाचण्या टोचते आहे, कोणी नारळ खवते आहे, आणि मी देवघराशेजारच्या कोपऱ्यात मांडीवर लॅपटॉप घेऊन दुर्वा निवडण्याचे सोंग करतो आहे. पडद्यावर चित्र नाहीच. एकेक ओळ वर सरकते, एवढाच सामना. एक-एक अशी बरोबरी झाली, जादा वेळ झाला, तोही निभावला, दुसरा जादा वेळ सुरू झाला, आणि ओळ आली की नानांनी पक काचेवरून थेट प्रेक्षकांत मारल्याबद्दल त्यांना दोन मिनिटे शिक्षेच्या बाकावर बसवण्यात आले आहे. निवडलेल्या एकवीस दुर्वा माझ्या हातात चुरगळल्या. एक गडी कमी, समोरून एकामागून एक फटके, प्रत्येक ओळीच्या शेवटी 'गोलरक्षकाने अडवला', 'गोलरक्षकाने अडवला', आणि मग आमच्या स्वीडिश विंगरने, म्हणजे कडेने चढाई करणाऱ्या गड्याने, पक मिळवला, एकटाच पुढे निघाला, आणि गोल. मी जी आरोळी ठोकली तिला स्वयंपाकघरातून आईने सवयीने "मोरया!" असे उत्तर दिले.

खऱ्या स्टॅनले चषकावर विजेत्या खेळाडूंची नावे कोरतात, आणि प्रत्येक खेळाडूला तो चषक एक दिवस घरी न्यायला मिळतो. आमचा चषक म्हणजे पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडे मोठे चित्र होते, तरीही प्रत्येकाने आपापल्या गावी एक दिवस तो मिरवावा असे ठरले. मी ऑफिसच्या प्रिंटरवर तो ए-फोर कागदाला पुरेल इतका फुगवून काळ्या-पांढऱ्यात छापला आणि रविवारी सकाळी पर्वतीवर गेलो. कागद छातीशी धरून, महिन्याभराच्या दाढीनिशी, पुण्याच्या पार्श्वभूमीवर फोनने स्वतःचा फोटो काढण्याची खटपट करत असताना फिरायला आलेले एक गृहस्थ थांबले, चष्मा वर करून त्यांनी कागद निरखला, आणि हलक्या आवाजात विचारले, "कधीपासून बेपत्ता आहेत?"

असो. तर हे सहकारी दहा वर्षांनी एकत्र आणायचे होते. लग्नाचा मुहूर्त काढणे सोपे, कारण तिथे दोनच पक्ष असतात. इथे सास्कॅचवान, ओहायो, स्वीडन, फिनलंड आणि पुणे अशी पाच घड्याळे, त्यातही सास्कॅचवानच्या बहुतेक भागात उन्हाळ्या-हिवाळ्याला घड्याळ पुढेमागे करत नाहीत, ही अभिमानाची गोष्ट मॅनेजरसाहेब प्रत्येक निरोपात सांगत आणि इतरत्र ते करतात हे प्रत्येक निरोपात विसरत. अखेर त्यांच्याकडची शनिवारची दुपारची एक ही वेळ ठरली, जी माझ्याकडे शनिवार मध्यरात्रीनंतरची साडेबारा होती. जगातली कोणतीही सोयीची वेळ माझ्याकडे येईपर्यंत मध्यरात्र का होते, हे मला अजून उलगडलेले नाही.

राहता राहिला गोलरक्षक. तो फिनलंडचा, एवढेच आम्हाला ठाऊक होते. अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच. सातव्या सामन्यात एकावन्नपैकी पन्नास फटके त्याने अडवले होते. अडचण अशी की हा मनुष्य त्यापूर्वी पाच महिने लीगकडे फिरकलाच नव्हता. त्याचे चौदा गुण न वापरता पडून होते, मॅनेजरसाहेब दर आठवड्याला 'कृपया आपले शिल्लक गुण वापरावेत' असा निरोप धाडत, विजेच्या थकबाकीची सूचना बंद घराच्या कडीला लावून जावी तसा, आणि तिकडून उत्तर नसे. आम्ही निबंध लिहून लिहून मनगटे झिजवली आणि चषक जिंकून दिला तो न लिहिणाऱ्याने. हॉकीत पीडीओ नावाचा एक आकडा काढतात, संघाचे यशस्वी फटके आणि अडवलेले फटके यांच्या टक्केवारीची बेरीज. सगळ्या लीगची सरासरी शंभर येते, आणि एखादा संघ बराच वर गेला तर जाणकार समजतात की दैव जोरावर आहे, लवकरच खाली येईल. आमचा वर गेलेला आकडा खाली येण्याआधी हंगाम संपला, इतकेच आमचे कर्तृत्व.

त्याचा माग लागला तो वेलदोड्यामुळे. फिनलंडमध्ये पुल्ला नावाचा गोड पाव करतात आणि त्यात वेलदोडा हवाच. मी भारतीय आहे हे कळल्यावर त्याने एकदा मला मेल करून विचारले होते की वेलदोडा सालासकट कुटायचा की दाणे काढून. मी आईला विचारून सविस्तर उत्तर दिले होते. दहा वर्षांपूर्वीच्या त्या मेलवरच मी आमंत्रण पाठवले आणि वीस मिनिटांत होकार आला. ज्याने पाच महिने गुण वापरले नाहीत त्याच्याकडून वीस मिनिटांत उत्तर येणे मला व्यक्तिशः लागले.

ठरल्या रात्री मी कानात यंत्र घालून बैठकीच्या खोलीत अंधारात बसलो आणि एकेक चौकोन उजळू लागला. पहिला धक्का आमच्या दांडगोबाने दिला. आमच्या संघात केवळ मारामारीसाठी ठेवलेला एक गडी होता. पाच-पाच मिनिटांच्या शिक्षा भोगणे हाच त्याचा संसार. त्याच्या चौकोनात पांढऱ्याशुभ्र केसांच्या, हातात विणकाम घेतलेल्या ओहायोच्या एक आजीबाई अवतरल्या. मराठीत 'मी जाते' एवढे म्हटले तरी उलगडा झाला असता, पण इंग्रजी क्रियापदाला स्त्री-पुरुष कळत नाही आणि आम्ही सगळे हंगाम त्यांना 'दादा' समजत राहिलो. त्यांची नातवंडे त्यांना नाना म्हणतात. माझ्या बचावपटूला स्वेटर घाला म्हणून निरोप पाठवणाऱ्या त्याच.

दुसरा चौकोन स्वीडिश विंगरचा. संघातला सर्वात शांत, पोक्त माणूस अशी त्याची ख्याती होती, म्हणून २०१४ मध्ये घर घेताना गृहकर्जाचा दर स्थिर घ्यावा की फ्लोटिंग, हे मी त्याला विचारले होते, आणि त्याने विचारपूर्वक फ्लोटिंग सांगितले होते. पडद्यावर एक कोवळा तरुण दिसला. त्याला हिशेब करायला लावला तेव्हा कळले की सल्ला दिला त्या वेळी तो चौदा वर्षांचा होता आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत उत्तरे लिहीत असे. बायकोला हे मी सांगितलेले नाही. सल्ला वाईट नव्हता. तेव्हा ८ टक्के असलेला रेपो दर २०२० मध्ये ४ टक्क्यांवर आला, पुढे तो पुन्हा चढला ती गोष्ट निराळी, आणि तोवर मुलगा मोठा झाला होता.

मग मॅनेजरसाहेबांनी घसा साफ करून कबुली दिली की त्या सातव्या सामन्याची तीच आकडेवारी त्यांनी नंतर घरच्या संगणकावर पुन्हा पुन्हा चालवून पाहिली होती, आणि बहुतेक वेळा आपण हरतो. दहा वर्षे हे त्यांनी पोटात ठेवले होते. आजीबाईंच्या सुया थांबल्या. कोणीच काही बोलेना.

एवढ्यात शेवटचा चौकोन उजळला आणि गोलरक्षक आला. मागे लाकडी भिंत, हातात कॉफी, बशीत पुल्ला. आम्ही चौघे एकदम बोलू लागलो. दुसरा जादा वेळ, नाना बाकावर, एकावन्नपैकी पन्नास, सर्वोत्तम खेळाडू, सगळे आम्ही त्याला सांगितले, कारण आपण जिंकलो हे त्याला आजच कळत होते. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले, पुल्ल्याचा तुकडा तोडला, आणि वेलदोडा दाणे काढूनच बरा लागतो असे मला सांगितले. मग थोडे थांबून त्याने विचारले, "ते चौदा गुण अजून आहेत का?"

मॅनेजरसाहेब खुर्चीत ताठ झाले. "चपळाईत टाक," ते म्हणाले, "आणि आजच टाक."