तलावाकाठी गार्डन करायचंय? मग तलावाकडे बघू नका

तर तुमच्या हद्दीतल्या तलावाकाठी मोठं गार्डन करायची जबाबदारी तुमच्यावर आलीय, अभिनंदन. काम फेजमध्ये करा. फेजची खरी मजा ही की शेवटची फेज येईपर्यंत तुमची बदली झालेली असते.

फेज वनमध्ये काय घ्यायचं ते सोपंय. फोटोत दिसतं ते आधी आणि वास येतो ते शेवटी. म्हणजे कमान, पेव्हर ब्लॉक, लायटिंग, सेल्फी पॉइंट आधी, नाला शेवटी. टॉयलेट नाल्याच्याही नंतर.

काठावर पाणकणीस, लव्हाळी माजलेली असतात, तिथे पहिल्याच दिवशी जेसीबी घाला. कुणीतरी अभ्यासू माणूस उठेलच, की अहो ही झाडी वरून येणारा गाळ अडवते, नायट्रोजन फॉस्फरस ओढून घेते, मासे तिथंच अंडी घालतात वगैरे. मान डोलवा, त्यांचं नाव सल्लागार समितीत टाका (मीटिंग बोलवायची नसते) आणि काठाला सरळसोट काँक्रीटची भिंत उभी करा. बेडकाला वर चढता येणार नाही हे खरंय, पण बेडूक कुठे उद्घाटनाला येतोय. बोटिंगच्या जेट्टीचं माप मात्र तलाव काठोकाठ भरलेला असतानाच घ्या, म्हणजे उन्हाळ्यात ती चिखलावर अधांतरी लटकते आणि दुरुस्तीचं एक वेगळं टेंडर निघतं.

आता पाणी. नाल्यातनं सांडपाणी येणार, त्यातल्या फॉस्फरसवर शेवाळ फोफावणार, ते मेलं की कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवणार आणि एक दिवस सकाळी मासे उलटे तरंगणार. यावर उपाय म्हणजे मधोमध म्युझिकल कारंजं. जलपर्णीची तर काळजीच करू नका, ती मूळची दक्षिण अमेरिकेची पण कुठेही रमते, हवामान मानवलं तर दोनेक आठवड्यांत दुप्पट होते, म्हणजे ही एकच फेज अशी की जी कधी संपतच नाही.

नाला येतो शेजारच्या हद्दीतनं, त्यामुळे त्यांना पत्र लिहा, ते तुम्हाला लिहितील, फाइल जाड होते. सिॲटलच्या लेक वॉशिंग्टनवाल्यांसारखा येडेपणा करू नका. त्यांच्याकडे आसपासच्या शहरांचं सांडपाणी तलावात जायचं, तर लोकांनी १९५८ मध्ये चक्क मतदान करून सगळ्यांची मिळून एकच संस्था काढली, १९६३ ते १९६८ मध्ये सांडपाणी दुसरीकडे वळवलं आणि पुढच्या काही वर्षांत तलाव नितळ झाला! पाणी आधी, बाकी नंतर. असं केलं तर फीत कशाची कापायची, गटाराच्या पाइपची?

आणखी एक, पाणी किती नितळ ते दाखवणारी सेक्की डिस्क नावाची तबकडी ऑफिसच्या आसपास दिसू देऊ नका. दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी होते ती खोली मोजायची, १८६५ पासूनची पद्धत आहे, शाळेतलं पोरगंसुद्धा करू शकतं, आणि तोच तर प्रॉब्लेम आहे. रिपोर्टमध्ये तलावाची प्रगती जॉगिंग ट्रॅकच्या मीटरमध्येच लिहा.

मग गेटवर बोर्ड लावा, ‘फेज टू लवकरच’. वर्ष टाकू नका. बोर्डाचा रंग उडाला की नवा मारा आणि तो खर्च फेज टूमध्ये दाखवा, म्हणजे काम सुरू झालंय असंही म्हणता येतं.