ठिपका दिसला म्हणजे लॅपटॉप सापडला?

एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे. त्याचा सारांश असा: लॅपटॉपमध्ये ट्रॅकिंग सॉफ्टवेअर टाका. चोरी झाली तर नेमकी जागा नकाशावर दिसते. चोराने फॉरमॅट मारला तरी सॉफ्टवेअर जात नाही. कॅमेरा चोराचा फोटो काढतो, तो पोलिसांना दिला की लॅपटॉप परत. मग एन्क्रिप्शन (डेटा किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात ठेवणं) आणि बॅकअपची कटकट कशाला?

अगदीच थापा असत्या तर सोडून दिलं असतं. पण यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणून एकेक बघू.

'नेमकी जागा दिसते.' ही अपेक्षा फोनवरून आली आहे. फोनमध्ये जीपीएस असतं, सिम असतं आणि तो सहसा चालूच असतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये जीपीएस नाही, सिमही नाही. झाकण मिटलं की तो झोपतो, आणि उघडल्यावरही कुणी वाय-फायला जोडेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. जोडला गेलाच, तर आसपासच्या राउटरांची ओळख आधी जमवलेल्या यादीशी ताडून जागा काढतात. भरवस्तीत हा अंदाज बऱ्यापैकी जवळचा येतो, पण इमारतीतला मजला आणि दार त्यातून कळत नाही.

तेही जमलं नाही तर उरतो आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीला मिळालेला क्रमांक, आणि त्याच्या भरवशावर कुणाच्या दारात जाऊ नये. आयपी पत्त्यावरून जागा सांगणाऱ्या मॅक्समाइंड कंपनीच्या यादीत ज्या अमेरिकी आयपी पत्त्यांबद्दल देशापलीकडे काही माहीत नव्हतं, त्या सगळ्यांना देशाच्या मध्याजवळचा एकच बिंदू दिलेला होता. असे पत्ते 60 कोटींहून जास्त, आणि तो बिंदू पडत होता कॅन्ससमधल्या एका शेतघरावर. 2016 साली हा घोळ उघड होईपर्यंत त्या घरच्यांच्या दारात वर्षानुवर्षं पोलीस आणि फसवले गेलेले लोक येत राहिले.

मॅकवाले इथे हात वर करतील, आणि त्यांचं बरोबर आहे. 2019 च्या कॅटलिना या मॅकच्या प्रणालीपासून झोपलेला, इंटरनेट नसलेला मॅकही ब्लूटूथवरून जवळच्या ॲपल उपकरणांना खूण पाठवू शकतो. या मुद्द्यावर तो मजकूर जिथे सर्वांत खरा ठरतो ती जागा हीच. विंडोजची 'फाइंड माय डिव्हाइस' सोय 2015 पासून आहे, पण मायक्रोसॉफ्ट खातं जोडून ती चोरीच्या आधी चालू केलेली असावी लागते.

'फॉरमॅट मारला तरी जात नाही.' साधं सॉफ्टवेअर डिस्कवरच असतं. डिस्क पुसली किंवा बदलली की गेलं. हा दावा आला ॲब्सोल्यूट कंपनीच्या कॉम्प्युट्रेस या ट्रॅकिंग सॉफ्टवेअरवरून. त्याचा एक तुकडा अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपच्या बायोसमध्येच, म्हणजे डिस्कबाहेरच्या चिपमध्ये, असतो आणि विंडोज नव्याने टाकलं की तो आपला एजंट, म्हणजे माग काढणारा छोटा प्रोग्राम, पुन्हा बसवतो. मात्र तो आधी चालू केलेला हवा, आणि चोराने विंडोजऐवजी लिनक्स टाकलं तर त्याची ही युक्ती चालत नाही. शिवाय 2018 साली ईसेट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की याच एजंटमध्ये फेरफार करून लोजॅक्स नावाचं मालवेअर बनवलं गेलं होतं. म्हणजे ही चिवट सोय हल्लेखोरांच्याही कामी आली.

'कॅमेरा चोराचा फोटो काढतो.' लॅपटॉपसमोर जो बसलेला असेल त्याचा काढतो, हे जास्त खरं. चोरीचा लॅपटॉप लवकर हातोहात जातो. ओहायोत एका बाईने वापरलेला लॅपटॉप विकत घेतला. तो मुळात चोरीचा होता. माग काढणाऱ्या कंपनीच्या तपासनिसाने तिचे खासगी संदेश आणि स्क्रीनवरची चित्रं टिपून पोलिसांना दिली. तिने दावा लावला, आणि 2011 मध्ये न्यायाधीशांनी तो फेटाळायला नकार दिला. चोराचा माग काढण्याच्या नावाखाली कुणाचंही काहीही बघता येत नाही, एवढं त्यातून स्पष्ट झालं.

'पोलिसांना दिलं की परत.' आयपी पत्त्यामागचा ग्राहक कोण, हे इंटरनेट कंपनी तुम्हाला सांगणार नाही. पोलिसांना सांगते, तेही कायदेशीर मागणीनंतर. एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असेल तर अचूक वेळही लागते. नुसत्या ठिपक्यावरून घरात घुसण्याचा परिणाम डेन्व्हरमध्ये दिसला: 2022 साली चोरीला गेलेल्या आयफोनच्या ठिपक्यावरून पोलिसांनी एका वृद्ध बाईच्या घरावर छापा घातला. घर चुकीचं होतं. 2024 मध्ये ज्यूरीने तिला 37 लाख 60 हजार डॉलर भरपाई दिली. आणि तो तर जीपीएसवाला फोन होता.

कंपन्यांनी छापलेले यशाचे टक्के वाचताना एकच विचारा: कितीपैकी? चोरीला गेलेल्या सगळ्या लॅपटॉपपैकी, की पुन्हा इंटरनेटवर उगवलेल्यांपैकी?

आता शेवटचं वाक्य, मला सर्वांत घातक वाटणारं: 'एन्क्रिप्शनची कटकट कशाला?' इथे खरा पेच आहे. लॅपटॉपने हाक द्यायची तर चोराला तो वापरता आला पाहिजे. डेटा वाचवायचा तर चोराला तो उघडताच येऊ नये. ॲपलने यावर एक चतुर तोड काढली होती. फाइलव्हॉल्ट हे ॲपलचं एन्क्रिप्शन लावलेल्या मॅकवर पाहुणा म्हणून शिरलं तर फक्त सफारी ब्राउझर उघडायचं. चोर ब्राउझिंग करणार, मॅक ऑनलाइन येणार. कल्पना झकास, फक्त त्यासाठी चोर भोळा हवा.

दोन्हीतलं एकच निवडायचं झालं तर मी बिनदिक्कत एन्क्रिप्शन निवडेन. लॅपटॉप नवा आणता येतो. कागदपत्रं, ग्राहकांची माहिती आणि उघडी राहिलेली बँक खाती परत मिटवता येत नाहीत. दुरून डेटा पुसण्याची आज्ञासुद्धा लॅपटॉप ऑनलाइन आल्याशिवाय पोचत नाही. एन्क्रिप्शनला कशाचीच वाट पाहावी लागत नाही.

ट्रॅकर टाकूच नका असं मी म्हणत नाही. चोर अडाणी निघाला तर लॅपटॉप मिळतोही. पण आधी विंडोजचं बिटलॉकर किंवा मॅकचं फाइलव्हॉल्ट चालू करा, बॅकअप लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता दुसरीकडे ठेवा आणि सिरियल नंबर लिहून घ्या, तक्रारीत तोच मागतात. बिटलॉकरची 48 अंकी रिकव्हरी कीही त्याच लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये ठेवू नका.