‘हवा मारून चालतंय की’ म्हणणाऱ्या दादांना

दादा, थोडक्यात तुमचं म्हणणं असं: गॅरेजात बाईकच्या एअर फिल्टरला हवा मारली की काम होतं, तुमची गाडी वर्षानुवर्षं अशीच चाललीय, आणि ‘तेलकट कागदाचा व्हिस्कस फिल्टर साफ करू नका, बदला’ असं लिहून मी कंपन्यांचे पार्ट खपवतोय. शिवाय नवा फिल्टर टाकूनही ॲव्हरेज किलोमीटरभरसुद्धा वाढलं नाही, मग पैसे कशाला घालवायचे?

ॲव्हरेजचं आधी बघू, कारण तिथं तुमचं खरं आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत फिल्टर चोंदला की हवा कमी जाते, पेट्रोल मात्र येतच राहतं. मग प्लग काळा पडतो आणि ॲव्हरेज बसतं. एप्रिल २०२० पासून धुराचा बीएस-६ नियम आला, तेव्हापासून बहुतेक गाड्या इंजेक्शनच्या आहेत. त्यात हवा किती येतेय ते सेन्सरला कळतं आणि पेट्रोलही त्या मानानं कमी सोडलं जातं. म्हणजे ॲव्हरेज फारसं हलत नाही, ओढ कमी होते. डबलसीट दंडोबा डोंगराचा चढ चढताना ते जाणवेल, सांगलीत विश्रामबागच्या सिग्नलला नाही.

पण फिल्टर ॲव्हरेजसाठी बसवलेलाच नसतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. लिटरच्या हिशेबानं एका लिटर पेट्रोलमागं सुमारे नऊ हजार लिटर हवा इंजिनात जाते. आता ही हवा कुठली? सीझनमध्ये उसाच्या ट्रॉलीमागं अडकलात तर रस्त्याकडेची माती, पाचटाची काजळी, सगळं त्यात आलं. जतकडं उन्हाळ्यात काय उडतं ते तुम्हाला सांगायला नको. धुळीतला वाळूचा बारीक कण पोलादालाही ओरखडतो. तो पिस्टनची रिंग आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, यांच्या मधल्या ऑईलमध्ये मिसळला की ते ऑईलच घासकाम करायला लागतं. पुढं गाडी निळा धूर सोडते, ऑईल खाते. हे इतकं सावकाश होतं की बोअर गेला तरी हवा मारल्याची आठवण कुणाला येत नाही. ‘काहीच झालं नाही’ हे म्हणूनच मला पटत नाही.

व्हिस्कस म्हणजे तेलात भिजवून आलेला कागद. धूळ त्या तेलाला चिकटून राहावी हीच त्याची युक्ती. कॉम्प्रेसरचा झोत जवळून मारला की वरवरची धूळ उडते, खोल चिकटलेली तशीच राहते, आणि कागदाचे तंतू मात्र फाकतात. वरून फिल्टर उजळ दिसतो, गाडीही जरा मोकळी पळते. गाळणीची भोकं मोठी झाल्यावर चहा भराभर गळतो, म्हणून काय गाळणी सुधारली? उलट थोडा वापरलेला फिल्टर नव्यापेक्षा बारीक कण पकडतो, कारण बसलेली धूळच पुढच्या धुळीला अडवते. नुसता काळा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. ‘सारखा उघडू नका’ आणि ‘धुळीच्या भागात मुदतीआधी बदला’ ही मी लिहिलेली दोन्ही वाक्यं तुम्हाला उलटसुलट वाटली, ती यामुळंच. मॅन्युअलमधला किलोमीटरचा आकडा साध्या रस्त्यांसाठी असतो. रोज सांगली-मिरज करणाऱ्यानं तो पाळावा. बागेत, मळ्यात, कच्च्या रस्त्यानं रोज गाडी घालणाऱ्यानं निम्म्यावरच बदलावा असं माझं मत आहे.

स्पंजचा फिल्टर असेल तर तुमच्याच बाजूनं बोलतो: धुवा, खुशाल धुवा. रॉकेल नसलं तरी भांड्याचा लिक्विड साबण आणि कोमट पाणी पुरतं. पेट्रोल नको, स्पंज खराब होतो आणि भडका उडायची भीती वेगळीच. पिळा मारू नका, तळहातात दाबून पाणी काढा. सावलीत पूर्ण वाळवा, मग स्वच्छ इंजिन ऑईल लावून जादाचं दाबून काढा. तेल न लावता बसवलेला स्पंज बारीक धूळ सरळ आत सोडतो. कोरड्या कागदाचा असेल तर हलकं आपटा, फार तर आतून बाहेर कमी दाबानं हवा, तीही लांबून. पाणी अजिबात नाही.

बसवताना मात्र घाई नको. फिल्टर कितीही चांगला असला तरी कडेचं रबर खाचेत बसलं नाही, किंवा इंजिनकडं जाणाऱ्या रबरी बुटाचा क्लॅम्प सैल राहिला, तर हवा फिल्टरला वळसा घालून जाते. मळक्या फिल्टरपेक्षा हे वाईट. फिल्टरच्या बॉक्सच्या तळाची छोटी नळीही बघा. तिच्यात तेलपाणी साठतं, टोपण काढून रिकामी करा.

पाण्यावरून आठवलं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या गाड्या बुडाल्या, त्यांनी हा बॉक्स न उघडता स्टार्टर मारणं सगळ्यात महागाचं. बॉक्समधलं पाणी सिलिंडरमध्ये गेलं की ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

एजंटगिरीचं म्हणाल तर कुठल्याही धड कंपनीचा फिल्टर घ्या, माझा आग्रह नाही. फक्त दुकानातच जुन्याशेजारी ठेवून कडेचं रबर आणि जाडी ताडून बघा. डुप्लिकेट तिथंच उघडा पडतो.

आणि एक करा. फिल्टर काढल्यावर इंजिनाकडच्या बाजूला, बुटाच्या आतून पांढरं फडकं फिरवा. तेलाचा डाग आला तर चालेल, पण चिमटीत चोळल्यावर खरखर लागली तर धूळ आत जातेय. काय निघालं ते गाडीचं मॉडेल आणि साल टाकून इथंच कळवा, म्हणजे तुमचा फिल्टर तिघांतला कुठला ते सांगतो.