'आपली माणसं वेगळी' म्हणे!

आमच्या गोतावळ्याच्या ग्रुपवर तोच मजकूर तिसऱ्यांदा आला. आधी नाशिकच्या मावसभावाने टाकला, मग पुण्याच्या वहिनींनी, आता सांगलीच्या नानाकाकांनी. वर 'जागे व्हा' आणि तीन मशाली. मजकूर थोडक्यात असा: बोटींतून आलेल्यांनी इंग्लंड गिळलं. सरकार त्यांना हॉटेलात फुकट पोसतं. इंग्रजाने स्वतःच्या देशाचा झेंडा लावला तर त्याला वंशद्वेषी ठरवतात. परक्यांची निष्ठा त्या मातीशी कधीच नसते. आणि शेवटी ठसक्यात, 'आपल्या भारतीयांना मात्र तिथे कुणी काही म्हणत नाही, कारण आपली माणसं वेगळी, कायद्याने गेलेली, कष्टाळू.'

मी अकरा वर्षं इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या स्लाउमध्ये राहते. दोनदा गप्प बसले, आता नाही बसवत.

'बोटींनी इंग्लंड गिळलं'

छोट्या बोटींतून फ्रान्सकडून इंग्लिश खाडी ओलांडून २०१८ साली २९९ माणसं आली, २०२२ साली जवळपास ४६ हजार. वाढ खरी आहे आणि डोळ्यांत भरणारी आहे. पण त्याच वर्षी ब्रिटनमध्ये राहायला आलेल्यांचा एकूण आकडा अकरा लाखांच्या वर होता. म्हणजे बोटवाले शंभरात चार. मग बाकीचे कोण? विद्यार्थी, नर्स, म्हाताऱ्यांची सेवा करायला आलेले, आयटीवाले, युक्रेनचे, हाँगकाँगचे. व्हिसा घेऊन, विमानाने. आणि त्यांत पहिला नंबर भारतीयांचा. ज्या गर्दीवरून इथलं राजकारण पेटलंय, ती गर्दी म्हणजे बऱ्याच अंशी आपणच आहोत, काका.

इंग्रज मतदाराचा राग मला कळतो, हेही सांगते. २०१० साली कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या कॅमेरूननी वचन दिलं होतं की निव्वळ स्थलांतर, म्हणजे आलेले वजा गेलेले, वर्षाला लाखाच्या आत आणू. २०१६ साली लोकांनी 'ताबा परत घ्या' म्हणून युरोपीय संघातून बाहेर पडायला मत दिलं. त्यानंतर त्याच पक्षाच्या राज्यात जून २०२३ पर्यंतच्या वर्षभरात हा आकडा नऊ लाखांवर गेला. माणसाला फसवल्यासारखं वाटलं तर त्यात वंशद्वेष कुठला आला? मुंबईत उपऱ्यांवरून साठ वर्षं भांडलेल्या मराठी माणसाला तरी हे समजायला हरकत नाही. पुढे नियम कडक झाले, जून २०२५ पर्यंतच्या वर्षात आकडा दोन लाखांच्या आसपास उतरला. राग मात्र उतरला नाही. तिथेच मला शंका येते की भांडण नुसतं आकड्यांचं नाही.

(जाता जाता: २०२३ साली त्या बोटींतून हजाराच्या वर भारतीयही आले. त्याच नोव्हेंबरात ब्रिटनने भारताचं नाव 'सुरक्षित देशां'च्या यादीत घालायचं ठरवलं, म्हणजे भारतातून आलेल्याचा आश्रयाचा अर्ज फारसा ऐकूनच घ्यायला नको.)

'हॉटेलात फुकट पोसतात'

आश्रय मागणाऱ्याला स्वतः शिजवून खायचं असेल तर आठवड्याला ४९ पौंड आणि काही पेन्स मिळत होते. हॉटेलात जेवण मिळतं तिथे त्याहून कितीतरी कमी. पहिलं वर्षभर काम करायला बंदी, नंतरही ठरावीक कामांचीच परवानगी. पैसा पाण्यासारखा जातो हे अगदी खरं. राहण्याच्या सोयीची २०१९ ते २०२९ ची कंत्राटं साडेचार अब्ज पौंडांची धरली होती, ती आता पंधरा अब्जांच्या पुढे जातील असं तिथल्या सरकारी हिशेब तपासनिसांनी सांगितलंय. पण तो पैसा त्या पोराच्या खिशात जात नाही, कंत्राटदाराच्या जातो. आणि व्हिसावर आलेला आपला माणूस तर फुकट काहीच घेत नाही. करांखेरीज बहुतेकांना दरडोई वर्षाला १,०३५ पौंडांपर्यंत आरोग्याचा अधिभार आगाऊ भरावा लागतो. मी भरलाय, पावत्या आहेत.

'झेंडा लावला की वंशद्वेषी'

स्वतःच्या घरावर राष्ट्रध्वज लावायला इथे कुणाची परवानगी लागत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जी बातमी झाली ती रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांची. रातोरात शिडी लावून खांबाखांबाला सेंट जॉर्जचा लाल क्रॉस, म्हणजे इंग्लंडचा झेंडा, बांधला गेला, छोट्या चौकांतल्या पांढऱ्या वर्तुळांवर लाल रेघा मारल्या गेल्या. बर्मिंगहॅमसारख्या नगरपालिकांनी काही ठिकाणी झेंडे उतरवले, खांब त्यांचे म्हणून.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी अजून एक आहे. प्लास्टिकच्या पट्टीने आवळलेला. पावसाने पांढरं राखाडी झालंय, खालची कड चिंध्या होऊन खांबाला चिकटते. समोरच्या पेन्शनर आजोबांच्या खिडकीतही झेंडा आहे, दर फुटबॉल स्पर्धेला लागतो, धुऊन इस्त्री करून. त्या झेंड्याने मला कधी काही वाटलं नाही. खांबावरचा दिसला की पाऊल किंचित अडखळतं. कापड तेच, पण सत्तरच्या दशकात कडव्या वंशवादी नॅशनल फ्रंट पक्षाचे लोक युनियन जॅक, म्हणजे ब्रिटनचा झेंडा, नाचवत जायचे, ते आठवणारी माणसं अजून आमच्याच रस्त्यावर राहतात.

मात्र मजकुरातला हा मुद्दा अगदीच हवेतला नाही. २०१४ साली लेबर, म्हणजे मजूर पक्षाच्या एमिली थॉर्नबेरींनी झेंडे लावलेल्या एका घराचा फोटो ट्विटरवर टाकला, कामगार वर्गाला नाक मुरडल्याचा गहजब झाला आणि त्यांना विरोधी पक्षाच्या छाया मंत्रिमंडळातून जावं लागलं. शिकलेल्या शहरी लोकांत तो नाक मुरडण्याचा प्रकार आहे. मी पाहिलाय, जेवणाच्या टेबलावर.

'परक्यांची निष्ठा नसते'

ही कसोटी १९९० साली कॉन्झर्व्हेटिव्ह नेते नॉर्मन टेबिट यांनी क्रिकेटची करून ठेवली: इथले आशियाई लोक टाळ्या कुणाला वाजवतात ते बघा. ठीक, क्रिकेटच घेऊ. ल्यूटनमध्ये जन्मलेला शीख पोरगा माँटी पानेसर, २००६ साली नागपूरला पहिली कसोटी खेळला आणि पहिला बळी घेतला तो सचिनचा. २०१२ साली वानखेडेवर दोन डावांत अकरा बळी घेऊन आपल्याला घरच्या अंगणात हरवलं. आणखी काय पुरावा देणार?

आणि निष्ठेचा हिशेब आपण तरी कुठे नीट ठेवतो? लिओ वराडकर २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा याच ग्रुपवर 'मालवणचा डंका' होता. ते २०१९ साली वडिलांच्या वराड गावी आले तेव्हा काय कौतुक! त्यांचे वडील डॉक्टर, साठच्या दशकात मुंबईहून इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत गेले, आईची गाठ पडली ती आमच्या याच स्लाउमध्ये. आपल्याकडचा मुलगा तिकडे पंतप्रधान झाला तर अभिमान, आणि दुसऱ्या कुणाचा तिकडे नुसता राहिला तर 'गिळलं'.

'आपल्याला कुणी काही म्हणत नाही'

खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसले.

१९६८. केनियातले हजारो आशियाई, त्यांत कितीतरी गोव्याचे, ब्रिटिश पासपोर्ट बाळगून होते. यापेक्षा कायदेशीर काय असतं? लेबर सरकारने तीन दिवसांत कायदा मंजूर केला: आई-बाप किंवा आजी-आजोबांपैकी एकही ब्रिटनमध्ये जन्मलेला किंवा तिथला नागरिक झालेला नसेल तर पासपोर्ट असूनही सरळ प्रवेश नाही. १९७९. लग्नासाठी रीतसर आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्य चाचणी झाली. नियम काही मोडला नव्हता, तरी.

जुन्या गोष्टी म्हणाल. मग ऑक्टोबर २०२२ घ्या. व्हिसा संपूनही राहणाऱ्यांत सगळ्यात जास्त भारतीय, म्हणून भारताशी खुल्या व्यापार कराराबद्दल मला शंका आहे, असं गृहमंत्री म्हणाल्या. कोण? सुएला ब्रेव्हरमन. वडील गोव्याच्या कुळातले, १९६८ साली केनियातून आलेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये वाद उठला की साउथॅम्प्टनमध्ये जन्मलेले ऋषी सुनक 'इंग्लिश' कसे, ते तर सावळे हिंदू. पासपोर्टने ब्रिटिश म्हणा, पण इंग्लिश व्हायला रक्त लागतं, असा सूर. तेव्हा ब्रेव्हरमनबाईंनी लेख लिहून स्वतःच कबूल केलं की मी ब्रिटिश आहे, इंग्लिश कधीच होणार नाही. देशाचं पंतप्रधानपद भूषवून जे मिळालं नाही ते कष्टाळूपणाने मिळेल, असं नानाकाकांना वाटतं.

१८८८ साली तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी म्हणाले होते की काळ्या माणसाला निवडून देण्याइतके इंग्रज मतदार अजून पुढे गेलेले नाहीत. रोख आमच्या मुंबईच्या दादाभाई नौरोजींवर होता. दादाभाई १८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या मतांनी. तेव्हा मत देणारेही इंग्रजच होते, हे मी विसरत नाही.

आता ताजं. सप्टेंबर २०२५ मध्ये स्थलांतरविरोधी रिफॉर्म पक्षाने जाहीर केलं की सत्ता आली तर कायमस्वरूपी वास्तव्याचा परवानाच रद्द करू, ज्यांच्याकडे आज आहे त्यांचासुद्धा. ऑक्टोबरात कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार केटी लॅम म्हणाल्या की कायद्याने आलेल्यांपैकीही बऱ्याच जणांना परत जावं लागेल, म्हणजे देश सांस्कृतिकदृष्ट्या एकसंध राहील. लेबर सरकारने तोच परवाना मिळायची मुदत बहुतेकांसाठी पाच वर्षांवरून दहा करायचा प्रस्ताव आणला. या तिन्हीत बोटीचा 'ब' नाही. हे सगळं पगारपत्रक जोडून, बोटांचे ठसे देऊन आलेल्यांबद्दल चाललंय. चांगला परका आणि वाईट परका यांच्यातली रेघ आपण ओढत नाही. ती दुसऱ्याच्या हातात आहे आणि दर निवडणुकीला सरकते.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. तासभर कुणी बोललं नाही, वहिनींनी तेवढा अंगठा दिला. रात्री नानाकाकांचा वेगळा मेसेज आला. चिन्मयला इकडे एमएस्सीला प्रवेश मिळालाय, सप्टेंबरची बॅच, बँकेचं कर्ज मंजूर झालंय. 'शिकून झाल्यावर दोन वर्षं राहू देतात ना, त्याची दीड करणार म्हणतात, खरं का गं? तू तिथली, तुला माहीत असेल.'

खरं आहे काका. १ जानेवारी २०२७ पासून जो अर्ज करेल त्याला दीडच.